मुलांचे बंदूकसुरक्षा शिक्षण (अमेरिका)

मुलांचे बंदूकसुरक्षा शिक्षण म्हणजे घरात, शेजारी किंवा अन्यत्र बंदूक दृष्टीस पडल्यास मुलांनी कसे वागावे, तसेच शिकार वा नेमबाजी यांसाठी बंदूक हाती घेणाऱ्या किशोरवयीनांनी ती कशी हाताळावी, याविषयी दिले जाणारे शिक्षण होय. या शिक्षणाचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. तेथील संविधानाच्या १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला असून आज दर दहा प्रौढांपैकी सुमारे चार जण बंदूक असलेल्या घरात राहतात. त्यामुळे बंदुकीशी आपला संबंध येणारच नाही, असे तेथील कोणत्याही मुलाच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही.

या शिक्षणाचे दोन प्रवाह आहेत. लहान मुलांना ‘हात लावू नका’ असे शिकवले जाते, तर मोठ्या मुलांना ‘हात लावाल तेव्हा असा लावा’ असे. गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने पहिल्या प्रवाहाविषयी एक अडचणीचा निष्कर्ष पुढे आणला आहे. मुलाला नियम तोंडपाठ असणे आणि समोर बंदूक असताना त्याने तो नियम पाळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणाचा रोख मुलांकडून हळूहळू घरातील प्रौढांकडे वळण्यामागे हाच निष्कर्ष आहे.

समस्येचे स्वरूप

अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने २०२० साली मोटार अपघातांना मागे टाकून पहिले स्थान घेतले. या मृत्यूंत हत्यांचे प्रमाण सर्वांत मोठे असून त्याखालोखाल आत्महत्या येतात. अपघाताने गोळी सुटून होणाऱ्या मृत्यूंचा वाटा त्या मानाने लहान आहे. परंतु सुरक्षा शिक्षणाचा जन्म मुख्यतः याच मृत्यूंच्या चिंतेतून झाला.

रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००३ ते २०२१ या काळातील १७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या १,२६२ अपघाती मृत्यूंची छाननी केली आहे. यांपैकी सुमारे ८५ टक्के मृत्यू कोणाच्या तरी घरात घडले होते. बंदूक कशी ठेवली होती याची माहिती मिळालेल्या प्रकरणांत सुमारे तीन-चतुर्थांश बंदुका भरलेल्या होत्या आणि जवळपास तितक्याच कुलपाविना होत्या. बंदूक सापडण्याच्या जागांत पलंगाशेजारचे छोटे कपाट, उशी, गादी अशा झोपण्याच्या ठिकाणांचा क्रमांक पहिला होता. बहुसंख्य घटनांत मूल बंदुकीशी खेळत होते किंवा ती दुसऱ्याला दाखवत होते.

लहान मुलाच्या बोटांत चाप ओढण्याइतके बळ नसते, असा एक सार्वत्रिक समज आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजण्यात आली. दोन बोटे वापरू दिल्यास तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी एक-चतुर्थांश, पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले दहा पौंडांचा (सुमारे साडेचार किलो) चाप ओढू शकतात, असे त्यात दिसून आले. बाजारातील अनेक पिस्तुलांचा चाप याहून हलका असतो.

‘एडी ईगल’ कार्यक्रम

लहान मुलांसाठीचा सर्वांत परिचित कार्यक्रम म्हणजे ‘एडी ईगल’. १८७१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने (एनआरए) तो १९८८ मध्ये सुरू केला. फ्लोरिडातील कार्यकर्त्या मॅरियन हॅमर यांच्या पुढाकाराने तो आकारास आला. पुढे त्या या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. बालवाडी ते चौथी या वर्गांतील मुलांना एडी नावाचा गरुड चार सूचना देतो: थांबा, हात लावू नका, तिथून पळून जा आणि मोठ्या माणसाला सांगा. चित्रफीत, गाणे, रंगवायची पुस्तके व शिक्षकांसाठी पुस्तिका असे त्याचे साहित्य आहे. अनेक ठिकाणी स्थानिक पोलीस अधिकारी शाळेत येऊन हा पाठ देतात. तीन कोटींहून अधिक मुलांपर्यंत हा कार्यक्रम पोहोचल्याचा एनआरएचा दावा आहे.

बंदूक चांगली की वाईट, याविषयी हा कार्यक्रम काहीही बोलत नाही आणि त्यातील गरुड स्वतः कधी बंदूक हाताळताना दिसत नाही. समर्थकांच्या मते हा तटस्थपणा हेच त्याचे बळ आहे, कारण बंदूक बाळगणारी व न बाळगणारी अशी दोन्ही कुटुंबे तो स्वीकारू शकतात. टीकाकारांचा आक्षेप असा की, घरातली बंदूक कुलपात ठेवण्याची जबाबदारी ज्या प्रौढांची आहे त्यांना बाजूला ठेवून तो सगळा भार पाच वर्षांच्या मुलावर टाकतो. हा आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. मात्र चार सूचनांचा आशय चुकीचा आहे, असे टीकाकारांपैकीही फारसे कोणी म्हणत नाही. वाद आहे तो त्या सूचना प्रत्यक्षात पाळल्या जातात का, याविषयी.

परिणामकारकतेचे प्रयोग

हे तपासण्यासाठी संशोधकांनी एक सरळ पद्धत वापरली. निकामी केलेली खरी बंदूक एखाद्या खोलीत ठेवायची, मुलांना तेथे काही काळ एकटे सोडायचे आणि एका बाजूनेच पारदर्शक असलेल्या काचेतून किंवा कॅमेऱ्याद्वारे त्यांच्याकडे लक्ष ठेवायचे. पालकांची संमती अर्थातच आधी घेतली जाते.

यांतील सर्वाधिक उल्लेखला जाणारा प्रयोग अटलांटा येथील असून तो २००१ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेफ्री जॅकमन व सहकाऱ्यांनी ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांचे २९ छोटे गट केले. खोलीतील खणांत दोन पाण्याच्या पिचकारी-बंदुका आणि एक खरे पिस्तूल लपवले होते. चाप पुरेशा जोराने ओढला की दिवा लागावा, अशी यंत्रणा पिस्तुलात बसवलेली होती. ४८ मुलांना पिस्तूल सापडले. त्यांतील ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी गोळी सुटेल इतक्या जोराने चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांनी ते खेळणे असल्याचे सांगितले किंवा ते खरे की खोटे हे त्यांना ठरवता आले नाही. ज्यांनी पिस्तूल हाताळले किंवा चाप ओढला, त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मुलांना पूर्वी कधी ना कधी बंदूकसुरक्षेचा पाठ मिळालेला होता.

मानसशास्त्रज्ञ मार्जोरी हार्डी यांनी त्याहून लहान, म्हणजे चार ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. १९९६ व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत सुरक्षा पाठ घेतलेल्या मुलांच्या आणि न घेतलेल्या मुलांच्या वागण्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. दुसऱ्या अभ्यासात मुलांना जोडीजोडीने खोलीत सोडले असता निम्म्याहून अधिक जोड्या बंदुकीशी खेळल्या. हा अवज्ञेचा प्रश्न नाही. त्या वयात कुतूहल नियमापेक्षा बलवान असते. शिवाय सोबत दुसरे मूल असेल तर त्याचा आग्रहही कामी येतो.

नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील रेमंड मिल्टनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. पाठांतराऐवजी प्रत्यक्ष कृतीचा सराव करून घेतला तर काय होते, हे त्यांना पाहायचे होते. या पद्धतीत शिक्षक योग्य वर्तन आधी करून दाखवतो, मग मूल तेच करून पाहते, चुकल्यास शिक्षक दुरुस्त करतो आणि बरोबर केल्यास कौतुक करतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला ‘एडी ईगल’चा पाठ आणि दुसऱ्या गटाला हा कृतिसराव देण्यात आला. सूचना तोंडी सांगण्यात दोन्ही गट उत्तीर्ण झाले. नाट्यरूपाने करून दाखवण्यात कृतिसरावाचा गट सरस ठरला. परंतु आपली परीक्षा चालली आहे हे मुलांना ठाऊक नसताना बंदूक समोर ठेवली तेव्हा दोन्ही गट अयशस्वी झाले. वर्गातले ज्ञान वर्गातच राहिले.

त्यानंतर संशोधकांनी एक पायरी वाढवली. मूल नकळत बंदुकीपाशी आले आणि चुकीचे वागले, की शिक्षक त्याच क्षणी खोलीत येतो आणि तिथल्या तिथे योग्य वर्तनाचा पुन्हा पुन्हा सराव करून घेतो. सहा-सात वर्षांच्या मुलांवरील प्रयोगात ही जोड दिल्यावर बहुतेक मुले पुढे योग्य वागली. पद्धत उपयुक्त आहे. पण प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षक, एक निकामी बंदूक आणि अनेक बैठका लागत असतील, तर ती तीस मुलांच्या वर्गात कशी राबवावी, हा प्रश्न उरतोच.

अलीकडचे निष्कर्ष सर्वस्वी निराशाजनक नाहीत. ओहायो राज्य विद्यापीठातील ब्रॅड बुशमन व सोफी केर्विक (Kjærvik) यांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ८ ते १२ वर्षांच्या २२६ मुलांवर झाला. त्यांतील निम्म्या मुलांनी आठवडाभर आधी बंदूकसुरक्षेची सुमारे एका मिनिटाची चित्रफीत पाहिली होती, तर उरलेल्यांनी मोटारसुरक्षेची. बंदूक सापडल्यावर पहिल्या गटातील सुमारे ३४ टक्के मुलांनी मोठ्या माणसाला सांगितले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. बंदुकीला हात लावणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३९ व ६७ टक्के होते. एका मिनिटाच्या चित्रफितीचा परिणाम म्हणून हा फरक मोठा आहे. तरीही चित्रफीत पाहिलेल्या दर पाच मुलांपैकी दोघांनी बंदूक हातात घेतलीच.

खरे व खोटे यांतील भेद

पालक मुलाला ‘खऱ्या बंदुकीला हात लावू नकोस’ असे बजावतात. ही सूचना खरी बंदूक ओळखू येते असे गृहीत धरते, आणि अटलांटातील प्रयोगाने नेमके तेच गृहीतक मोडीत काढले. खेळण्यातील बंदुकांच्या नळीच्या टोकाला ठळक नारिंगी खूण असावी, अशी सक्ती अमेरिकेत १९८८ च्या कायद्यान्वये आहे. पण ही खूण काढून टाकता येते. २०१४ साली क्लीव्हलँड येथे १२ वर्षांचा एक मुलगा अशीच खूण नसलेली खेळण्यातली बंदूक बाळगून असताना पोलिसाच्या गोळीस बळी पडला. त्यामुळे अनेक प्रशिक्षक आता ‘खरी’ हा शब्द गाळून, मोठ्या माणसाने दिली नसलेली कोणतीही बंदूक खरी आणि भरलेलीच समजावी, असे शिकवतात.

शिकार व नेमबाजीचे शिक्षण

ग्रामीण अमेरिकेत वडील किंवा आजोबांबरोबर हरणाच्या शिकारीला जाणे हा अनेक कुटुंबांत वयात येण्याचा एक टप्पाच मानला जातो. या परंपरेला शिक्षणाची शिस्त विसाव्या शतकात लागली. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये अल्पवयीन शिकाऱ्यांना सुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पुढे इतर राज्यांनीही असे नियम केले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाकडे वळवले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या दुरुस्त्यांनंतर त्यातून शिकारी-शिक्षणालाही निधी मिळू लागला.

या अभ्यासक्रमांचा गाभा चार नियमांत सांगितला जातो. त्यांची प्रचलित मांडणी माजी नौसैनिक-पदाती (मरीन) अधिकारी व नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर (१९२०–२००६) यांच्या नावाशी जोडली जाते. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. जे नष्ट करायचे नाही त्याच्यावर नळी रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे जाणून घ्यावे. हे नियम परस्परांना पूरक आहेत: एक मोडला तरी उरलेले पाळले असल्यास सहसा प्राणहानी टळते. शिकाऱ्यांना ठळक नारिंगी पोशाख, कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करणे, झाडावरील मचाणावर भरलेली बंदूक घेऊन न चढणे इत्यादी गोष्टीही शिकवल्या जातात.

लहान मुलांच्या पाठांपेक्षा हे शिक्षण अधिक यशस्वी वाटते, याचे कारण उघड आहे. येथे मूल मोठे असते, शेजारी जबाबदार प्रौढ असतो आणि कृती शेकडो वेळा घडते. पण याच यशातून एक गैरसमज निर्माण होतो. हाताळणीत तरबेज असलेल्या मुलाबाबत घरातल्या बंदुकीचा धोका संपला, असे पालकांना वाटू लागते. किशोरवयीनांच्या आत्महत्यांत ज्या बंदुका वापरल्या जातात, त्या बहुतांशी त्यांच्याच घरातल्या असतात. तेथे हाताळणीच्या कौशल्याचा काहीही उपयोग नसतो. तीव्र निराशेची लाट अनेकदा थोड्या काळात ओसरते. तेवढ्या काळात प्राणघातक साधन हाताशी नसणे, हे त्या मुलाचे मोठे संरक्षण असते.

प्रौढांचे शिक्षण

अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागातील २००६ सालच्या एका अभ्यासात पालक आणि त्यांची ५ ते १४ वर्षांची मुले यांना वेगवेगळे प्रश्न विचारण्यात आले. आपल्या मुलाला बंदुकीची जागा ठाऊक नाही, असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुले ती जागा जाणून होती. मुलाने घरातली बंदूक कधीच हाताळलेली नाही, असे सांगणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटे ठरवले. मुलाशी सुरक्षेबाबत बोललेल्या आणि न बोललेल्या पालकांत याबाबत विशेष फरक नव्हता.

सुरक्षित साठवणीचे चार भाग मानले जातात: बंदूक रिकामी ठेवणे, ती कुलपात ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि ती बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणे. २००५ साली ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रत्येक सवयीचा संबंध मुलांच्या अपघाती इजा व आत्महत्या घटण्याशी असल्याचे दिसून आले. तरीही २०१५ मधील एका राष्ट्रीय पाहणीवरून सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहत होती, जेथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाविना होती. स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांना ती रात्री चटकन हाती यावी असे वाटते. हा युक्तिवाद निराधार नाही, आणि बोटाच्या ठशाने किंवा कळांच्या क्रमाने झटकन उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या त्यावरील तोडगा म्हणून विकल्या जातात.

अमेरिकन बालरोग अकादमीची भूमिका अशी की, मुलांच्या दृष्टीने बंदूक नसलेले घर सर्वांत सुरक्षित असते. बंदूक ठेवायचीच असेल तर वरील पद्धतीने ठेवावी. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना पालकांकडे बंदुकीविषयी चौकशी करण्यास बऱ्याच अंशी मनाई करणारा कायदा केला होता. संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये त्यातील मुख्य तरतुदी भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवल्या. बंदूक-उद्योगाची संघटना १९९९ पासून पोलिसांमार्फत मोफत कुलपे वाटत आली आहे.

दुसऱ्याच्या घरातील बंदुकीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. २००० साली सुरू झालेली ‘आस्क’ ही मोहीम पालकांना आपले मूल खेळायला पाठवण्यापूर्वी यजमान कुटुंबाला एकच प्रश्न विचारण्यास सांगते: तुमच्या घरात कुलपाविना बंदूक आहे का? भारतातून तेथे गेलेल्या मराठी व अन्य पालकांना हा प्रश्न विचारणे अवघड जाऊ शकते, कारण मुलाला मित्राकडे धाडताना यजमानाला असे काही विचारणे आपल्याकडील रीतीत बसत नाही. ॲलर्जी, पाळीव कुत्रा आणि पोहण्याचा तलाव यांच्या चौकशीबरोबरच हाही प्रश्न सहजपणे विचारावा, असे मोहिमेचे कार्यकर्ते सुचवतात.

कायदे

मुलांच्या हाती बंदूक लागू दिल्याबद्दल प्रौढांना जबाबदार धरणारा पहिला राज्य कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. असे कायदे केलेल्या बारा राज्यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात १५ वर्षांखालील मुलांचे अपघाती मृत्यू अपेक्षेपेक्षा २३ टक्क्यांनी कमी आढळले. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथील शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मरण पावले. त्याच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. अमेरिकेत शाळेतील सामूहिक गोळीबाराबद्दल पालकांना अशी शिक्षा होण्याची ही पहिलीच वेळ होती.

टेनेसी, आर्कान्सा व युटा या राज्यांनी सार्वजनिक शाळांत बंदूकसुरक्षेचे धडे देण्याविषयी कायदे केले असून २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. टेनेसीच्या कायद्यानुसार वर्गात खरी बंदूक वा काडतुसे आणता येत नाहीत आणि शिक्षण राजकीय मतांपासून अलिप्त ठेवावे लागते. मिल्टनबर्गर यांच्या प्रयोगांतील प्रत्यक्ष सराव मात्र अशा चौकटीत बसत नाही.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीला परवाना लागतो आणि तो २१ वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक मुलांची बंदुकीशी ओळख दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे जात नाही. तथापि, याच अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद असून कोकणात व गोव्यात रानडुकरे व माकडे यांच्या उपद्रवामुळे असे परवाने घेतलेली शेतकरी कुटुंबे आहेत. बंदूक कोठे व कशी ठेवावी, हा प्रश्न त्या घरांनाही तितकाच लागू होतो.

विद्यार्थ्यांना रीतसर शिक्षण मिळते ते राष्ट्रीय छात्रसेनेत किंवा नेमबाजीच्या केंद्रांवर. छात्रसेनेचे छात्र पॉइंट २२ रायफल चालवण्यास शिकतात. फैरी झाडणे आणि थांबवणे हे दोन्ही तेथे केवळ आज्ञेवर होते, आणि सराव संपताच रायफली तपासून शस्त्रागारात जमा केल्या जातात. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांच्या यशानंतर महाराष्ट्रात या खेळाकडे वळणाऱ्या मुलांसाठी सुरुवात बहुधा दहा मीटर अंतरावरील एअर रायफल वा एअर पिस्तुलाने होते. नेम धरत नसताना नळीत ठळक रंगाची सुरक्षा-दोरी घालून ती रिकामी असल्याचे सर्वांना दिसेल असे ठेवणे, हा तेथील अगदी आरंभीच्या धड्यांपैकी एक असतो.